सोपे लिहिण्याची जोखीम

पुण्यातल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापासून मेहुणपुऱ्यातल्या गल्ल्यांपर्यंत रमतगमत चालले तरी पाव तास पुरतो. तेवढ्या अंतरात सूचना लिहिण्याच्या दोन अगदी उलट तऱ्हा भेटतात.

वाडा हे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे आणि त्याला प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा लागू आहे. जो कोणी असे स्मारक नष्ट करेल, हलवेल, त्याला इजा पोचवेल, त्यात बदल करेल, ते विद्रूप करेल, धोक्यात आणेल किंवा त्याचा गैरवापर करेल, तो शिक्षेला पात्र ठरतो, असे त्या कायद्याचे कलम ३० सांगते. २०१० च्या दुरुस्तीनंतर ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. एका वाक्यात सात क्रियापदे. मोठ्याने वाचून पाहा, मध्येच श्वास घ्यावा लागतो. भिंतीवर बदाम कोरून त्यात दोन नावे लिहिणाऱ्या प्रेमवीराला एवढे सगळे सांगायची खरे तर गरज नाही. ‘भिंतीवर काही लिहू नका’ म्हटले की झाले. पण कायद्याची भाषा त्या प्रेमवीरासाठी नसते, त्याच्या वकिलासाठी असते. ‘वाड्याला त्रास देऊ नये’ असे सुटसुटीत लिहिले असते, तर खिळ्याने ओरखडा काढणे हा ‘त्रास’ आहे की नाही यावर कोर्टात चार तारखा पडल्या असत्या.

शनिवार पेठेत आत शिरले की वाड्यांच्या आणि वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींच्या दारांवर दुसरी तऱ्हा दिसते. दारासमोर गाडी लावू नये, हवा सोडली जाईल. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. पुणेरी पाट्यांवर महाराष्ट्राने आतापर्यंत भरपूर हसून घेतले आहे, तेव्हा त्यांच्या खोचकपणाविषयी इथे वेगळे काही लिहीत नाही. मला त्यांतली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. पाटी लिहिणाऱ्याला वाचणारा कोण हे पक्के ठाऊक असते. तो शेजारच्यांकडे आलेला पाहुणा असतो, लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला निघालेला आणि गाडीला जागा न मिळालेला गृहस्थ असतो, नाहीतर दारोदार फिरणारा विक्रेता असतो. त्याने काय करायचे नाही हे एका ओळीत सांगितलेले असते आणि केले तर काय होईल हेही. हवा नेमकी कोण सोडणार, ते मात्र सांगितलेले नसते. तेवढी कर्मणी रचना पाटीलाही सोयीची वाटते.

पाटी आपल्या जागी बरोबर आणि कलमही आपल्या जागी बरोबर. अडचण होते ती ‘सोपे लिहा’ हा उपदेश सरसकट सगळीकडे लावला की. छोटी वाक्ये करा, रोजच्या वापरातले शब्द घ्या, एका वाक्यात एकच कृती सांगा, संस्कृत टाळा, असा तो उपदेश. यात चुकीचे काही नाही, पण यात फार थोडे आहे. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ हे वाक्य चार शब्दांचे आहे, त्यातला एकही शब्द अवघड नाही आणि वाचून काय करायचे ते कोणालाही कळत नाही. वाक्य आखूड झाले म्हणून सूचना सोपी होत नाही. लिहिणारा वाचणाऱ्याच्या वतीने काही निर्णय घेऊन मोकळा होतो, तेव्हा ती सोपी होते. किती घ्यायचे, केव्हा थांबायचे, जमले नाही तर काय करायचे, हे तो ठरवून टाकतो. मग त्याचे ठरवणे चुकले तर बोल त्यालाच लागतो. सोपे लिहायला माणसे कचरतात त्याचे कारण बहुतेक वेळा भाषा येत नाही हे नसते, ही जोखीम असते.

ही जोखीम मराठीत मोठ्या प्रमाणावर आणि आनंदाने कोणी पत्करली असेल तर ती पाकपुस्तकांच्या लेखिकांनी. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत गाइडांच्या आणि अपेक्षित प्रश्नसंचांच्या ढिगाऱ्यापलीकडे हा विभाग असतो आणि दिवाळीच्या आधी तो पुढे येतो. या पुस्तकांची परंपरा जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. पण सूचना-लेखनाच्या दृष्टीने खरा टप्पा म्हणजे १९७० मध्ये किर्लोस्करांनी काढलेली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’. पुस्तकाच्या लाखाच्या वर प्रती खपल्या आणि कमलाबाईंना लोक ‘एक लाख सुनांची सासू’ म्हणू लागले. हा किताब गमतीचा असला तरी नेमका आहे. सासू किंवा आई शेजारी उभी असते तेव्हा ‘अंदाजाने मीठ घाल’ हे वाक्य पुरेसे असते, कारण अंदाज चुकायला लागला की ती हात धरते. बदलीच्या गावी दोन खोल्यांत संसार मांडलेल्या मुलीच्या शेजारी कोणी नव्हते. तिला ‘अंदाजाने’ असे लिहून देणे म्हणजे तिच्या अडचणीची तिलाच पोच देण्यासारखे होते.

कमलाबाईंनी प्रमाण दिले ते वाटी आणि चमच्याचे. वर वर पाहता हे अगदी ढिले माप आहे. कुणाची वाटी आमटीची, कुणाची श्रीखंडाची, कुणाच्या रुखवतात आलेली पण वापरात नसलेली. ग्रॅम आणि मिलिलिटरच्या काळात हे अशास्त्रीयच वाटावे. पण थोडा विचार केला की त्यातली हुशारी ध्यानात येते. रवा एक वाटी, साखर एक वाटी, पाणी दोन वाट्या असे सांगितले की वाटी लहान असो वा मोठी, पदार्थ बिघडत नाही. फक्त कमी किंवा जास्त होतो, कारण महत्त्व मापाला नसते, गुणोत्तराला असते. घरात तराजू नाही, मोजपात्र नाही, पण निदान एक वाटी नक्की आहे, हे गृहीत धरून घेतलेला हा निर्णय आहे. विज्ञानाच्या पुस्तकात तो बसला नसता. स्वयंपाकघरात तो चपखल बसला.

हा हिशेब फसतो तो वाटी आणि चमचा यांच्या सांध्यावर. वाट्यांचे आपसातले प्रमाण टिकते, पण वाटी दीडपट मोठी असली आणि चमचा तेवढाच राहिला तर मीठ कमी पडते. सोप्या शैलीच्या मर्यादा अशाच असतात. त्या मधोमध कधी सापडत नाहीत, दोन सोयी जिथे एकमेकींना भेटतात तिथे सापडतात. अनुभवी लेखिका अशा जागी माप सोडून देते आणि खूण सांगते. कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा, मसाल्याला तेल सुटेपर्यंत हलवावे, पाक एकतारी झाला की उतरवावा. ‘दहा मिनिटे परता’ हे अधिक काटेकोर वाटते, पण वातीचा स्टोव्ह, कोळशाची शेगडी आणि गॅस या तिन्हींवरची दहा मिनिटे सारखी नसतात. गुलाबी रंग तिन्हींवर सारखाच असतो. अंगठा आणि तर्जनीत पाकाचा थेंब धरून बोटे दूर केल्यावर एक तार निघते की नाही, ही परीक्षा कोणत्याही घरात करता येते आणि तिला उपकरण लागत नाही. आजच्या पाककृतींच्या व्हिडिओंत मिनिटे आणि सेकंद सांगण्याची चढाओढ लागलेली दिसते, तेव्हा मला ही एक तार आठवते. तिच्यापेक्षा नेमके माप अजून तरी कोणी दिलेले नाही.

तरीही काही ठिकाणी लिहिणे संपते आणि उरलेला रस्ता वाचणाऱ्याला एकट्यानेच चालावा लागतो. उकडीच्या मोदकांची कृती कोणत्याही पुस्तकात काढा. उकडीचे प्रमाण मिळेल, सारणाचे मिळेल, आणि मग ‘पारीला कळ्या पाडून मोदकाचे तोंड बंद करावे’ असे वाक्य येईल. वाक्य निर्दोष आहे. ते वाचून पहिला मोदक वळणाऱ्या माणसाच्या हातात जे तयार होते त्याला मोदक म्हणणे हा गणपतीचा मोठेपणा. पारी कडेला किती पातळ ठेवायची, बोटाला पाणी लावायचे की तेल, दोन कळ्यांमध्ये किती अंतर, हे सगळे लिहिले तरी हात शिकत नाही. परदेशातल्या मराठी घरांत तर आणखी एक भानगड असते. तिथल्या दुकानातली तांदळाची पिठी वेगळ्याच तांदळाची, वेगळ्याच दळणाची असते. वाटीला वाटी पाणी घालूनही उकड चिरते किंवा चिकटते आणि पुस्तकातले गुणोत्तर, जे कधीच फसत नव्हते, तेही फसते. लेखिकेने वाचकाच्या वाटीचे माप गृहीत धरले नव्हते, पण त्याचा तांदूळ गृहीत धरला होता. प्रत्येक सोप्या सूचनेच्या तळाशी असा न सांगितलेला तांदूळ असतोच.

आता हीच वाटी-चमच्याची भाषा जिवावरच्या प्रसंगी वापरायची वेळ आली तर? जुलाबाने कोरड्या पडत चाललेल्या मुलासाठी घरी करायचे पाणी आपल्याकडच्या आरोग्यसेविका सांगतात ते असे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. यातला ‘सपाट’ हा शब्द गाळला तर सूचना आणखी सुटसुटीत होईल, आणि धोक्याचीही होईल. शिगोशीग भरलेल्या चमच्याने मीठ पडले तर ते पाणी मुलाला उलट अपाय करू शकते. इथे सोपेपणाला एक शब्द जास्त लागतो आणि तो द्यावाच लागतो.

या बाबतीत जगाने बांगलादेशाकडून शिकावे. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्यावर ग्लुकोज, मीठ आणि सोडा घातलेले पाणी ड्रमातून पाजायला दिले आणि कॉलऱ्याच्या रोग्यांना वाचवले. पुढे १९८० पासून दहा वर्षे ब्रॅक या संस्थेने हे ज्ञान बांगलादेशातल्या एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांत पोचवले. त्यांनी चमचा सोडूनच दिला. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा सेर पाणी. साखर महाग, गूळ घरात असतोच, आणि चमचा एखाद्या घरी नसेल पण बोटे असतातच. पण त्यांनी हे वाक्य पत्रकावर छापून वाटले नाही. संस्थेच्या बायका घरोघर गेल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि तिच्याच हाताने तिला चिमूट घ्यायला लावली. काही आठवड्यांनी दुसरेच कोणीतरी येऊन निवडक घरांतल्या आयांना विचारत असे, त्यांच्याकडून पाणी करून घेत असे, आणि त्याचे नमुने प्रयोगशाळेत तपासले जात. शिकवणारीला मिळणारे पैसे आईच्या लक्षात किती राहिले यावर ठरत. आपण किती घरे फिरलो हे तिथे मोजलेच जात नव्हते.

हा शेवटचा नियम मला फार आवडतो. सूचना दिली म्हणून कोणाला श्रेय नाही, ती पोचली तर श्रेय. आपल्या कचेऱ्यांतून निघणाऱ्या परिपत्रकांना असे दर लावले तर काय होईल, याची कल्पना करून पाहायला हरकत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर चांगल्या सूचनेचा नमुना शोधायला बांगलादेशात जायची गरजही नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणला छावणी केलेल्या लष्करातल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून ते बहुधा रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून येते, आणि तो तर त्यात आहेच. पण मी ते सूचना-लेखनाचा धडा म्हणूनही वाचतो. पावसाळ्यासाठी दाणागोटा आणि गवताची साठवण केलेली आहे, हे आधी सांगितले आहे. ती बेहिशेबी वापरली तर भर पावसात संपेल, घोडी उपाशी मरू लागतील, मग शिपाई कुणब्याच्या घरातले धान्य, भाजी, लाकूड उचलू लागतील, आणि मग रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे. एकातून दुसरे कसे उद्भवते ते पायरी-पायरीने मांडले आहे. ‘रयतेस त्रास देऊ नये’ ही आज्ञा चार शब्दांत देता आली असती. पण मग हाताखालच्या माणसाला एवढेच कळले असते की त्रास देणे वाईट. आज घोड्याला चार मुठी जास्त टाकल्या तर तिथूनच तो त्रास सुरू होतो, हे कळले नसते.

त्यापुढचा भाग तर केवळ अप्रतिम आहे. गवताच्या गंजी आहेत, आग लागू नये. हे एवढ्यावर सोडलेले नाही. कोणी स्वयंपाकासाठी विस्तव करील, कोणी चिलीम ओढील आणि आजूबाजूला गवत आहे, वारा आहे, हे पाहणार नाही. रात्री घरात दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एवढ्या मोठ्या राजाने आपल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिताना उंदराचा विचार करावा! आणि तो करायलाच हवा होता, कारण गवत जाळणारा खरा शत्रू तोच. पत्राच्या अखेरीला सगळ्यांना हा मजकूर नीट ऐकून सावध राहायला सांगितले आहे. म्हणजे शेवटी आज्ञा ‘सावध राहा’ हीच. पण ती उंदीर दाखवून झाल्यावर आलेली आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला रात्री झोपण्यापूर्वी काय करायचे ते न सांगता कळते: दिवा विझवायचा. आणि पत्रात नसलेली एखादी गोष्ट समोर आली, समजा कोणी गंजीशेजारी मशाल टेकवून ठेवली, तरी त्याला स्वतःच्या बुद्धीने हात घालता येतो. कारण समजलेला माणूस सूचना संपल्यावरही योग्य वागू शकतो. नुसती कृती समजलेला माणूस पुस्तकाचे पान संपले की थांबतो.

सोपेपणाचे प्रवचन देणारे इथे थोडे घोटाळतात. कारणे दिली की मजकूर वाढतो, आणि मजकूर वाढला की तो ‘सोपा’ राहत नाही असे त्यांना वाटते. चिपळूणचे पत्र लांब आहे. ते आखूड केले असते तर बिघडले असते.

आता परत शनिवार पेठेत येऊ. तिची एक बाजू मुठेला लागून आहे. पावसाळ्यात खडकवासल्याचे दरवाजे उघडले की इथल्या लोकांच्या फोनवर निरोप येतो. धरणातून मुठा नदीपात्रात अमुक हजार क्युसेक विसर्ग करण्यात येत आहे, पावसाच्या प्रमाणानुसार त्यात वाढ होण्याची शक्यता आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. मजकूर व्याकरणशुद्ध आहे, आकडा खरा आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. पस्तीस हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर पाणी. हा गुणाकार करूनही ओंकारेश्वराजवळ तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना त्यांच्या उंबऱ्याचे काय होणार ते समजत नाही.

पेठकरांनी यावर आपले माप शोधून काढले आहे. ते विचारतात, ‘भिडे पूल गेला का?’ बाबा भिडे पूल इतका ठेंगणा आहे की नदी फुगली की आधी तोच बुडतो, आणि तो बुडाला म्हणजे नदीपात्रातल्या रस्त्यावर लावलेली गाडी काढायची वेळ झाली, हे काठावरच्या घरांत पोराटोरांनाही माहीत असते. वाटीसारखेच हे माप. कोणत्याही कचेरीने ठरवलेले नाही, आणि कामाचे. ज्यांची वये झाली आहेत त्यांच्याकडे याहून मोठे माप असते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पाणी कुठपर्यंत चढले होते, ते हाताने भिंतीवर दाखवणारी माणसे अजून भेटतात.

पण या मापाचाही एक न सांगितलेला तांदूळ आहे. पेठांमध्ये आज खोली घेऊन राहणारी हजारो मुले लातूर, बीड, नंदुरबार, यवतमाळहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी आलेली असतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून त्यांना नद्या, धरणे आणि आपत्ती व्यवस्थापन यांवर दीर्घ उत्तरे लिहावी लागतात. आपत्ती व्यवस्थापनाचे टप्पे त्यांना पाठ असतात, आणि भिडे पूल बुडाला म्हणजे खोलीखाली लावलेल्या मोटारसायकलीचे काय, हे त्यांना माहीत नसते. गावातल्या माणसाला अगदी सोपी असलेली सूचना परगावच्या माणसासाठी कोडे असते. सोपे म्हणजे कोणाला सोपे, हा प्रश्न टाळून सोपे लिहिता येत नाही.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. आपल्याला वेळेत नीट कळवले गेले नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. त्याच पहाटे डेक्कनच्या बाजूला, पुलाच्या वाडीत, पाण्यातून हातगाडी सुरक्षित जागी हलवताना तीन तरुणांचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. सामान हलवायचे हे त्यांना कळले होते. त्यांनी ते केलेही. त्या रात्रीचा उंदीर पाण्यात होता, आणि त्याचे नाव वीज होते.

तेव्हा निरोप कसा असावा? माझ्या मते साधारण असा: ‘आज रात्री भिडे पूल पाण्याखाली जाईल. डेक्कन आणि नारायण पेठ यांच्यामधला हा सखल पूल आहे. नदीपात्रातल्या रस्त्यावर गाडी असेल तर ती आत्ताच काढा. तळमजल्यावर राहत असाल तर पाणी आत येण्याआधीच विजेचे मुख्य बटण बंद करा. पाणी आत आल्यावर ओल्या हाताने कोणत्याही बटणाला, तारेला, लोखंडी गाडीला हात लावू नका, सामान गेले तरी चालेल.’ मूळ निरोपापेक्षा हा मोठा आहे, पण वाचून उठावे लागते.

असा निरोप कोणी पाठवत नाही याला नुसता आळस कारण नाही. क्युसेकचा आकडा जलसंपदा विभागाकडे असतो, कोणत्या गल्लीत पाणी आधी येते ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या जुन्या कर्मचाऱ्यांना माहीत असते, रोहित्र कुठे आहे ते महावितरणला. वरचा एक निरोप लिहायला या तिघांनी एका टेबलाशी बसायला हवे, आणि तेही रात्री. शिवाय धोका वेगळाच असतो. गाडी काढा म्हणून लोकांना तीनदा पळवले आणि वरचा पाऊस थांबल्यामुळे तिन्ही वेळा पाणी आलेच नाही, तर चौथ्या वेळी ते उठणार नाहीत आणि निरोप पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला वर्तमानपत्रवाले हसतील. ‘सतर्क राहावे’ हे मात्र कधीच खोटे ठरत नाही. पाणी आले तरी बरोबर, नाही आले तरी बरोबर. अधिकाऱ्याला दोष देण्यापूर्वी आपण स्वतः शेजाऱ्याला ‘जपून रे’ किती वेळा म्हणतो तेही आठवावे.

एका ठिकाणी मात्र सोपी भाषा अवघड भाषेपेक्षा जास्त फसवते. नदीकाठच्या नकाशांवर पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. वाक्य इतके सरळ आहे की वाचणाऱ्याला ते समजल्याची खात्री पटते. मागच्या वर्षी पूर येऊन गेला, म्हणजे आता चोवीस वर्षे निवांत, असा हिशेब तो मांडतो. खरा अर्थ असा की दर वर्षी, मागे काय झाले याची पर्वा न करता, तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात चार आहे. पंचवीस वर्षांचा काळ घेतला तर त्यात निदान एकदा तरी तो येण्याची शक्यता शंभरात चौसष्टच्या घरात जाते. ‘शंभरात चार’ हे ऐकायला रुक्ष आहे, त्यात ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ची घरगुती लय नाही, पण ते फसवत नाही. आणि रेषेच्या आत, नदीच्या आणखी जवळ, हा आकडा चारहून मोठा असतो.

निळ्या रेषेवर घर घेणाऱ्याला हे कसे सांगावे, याचा मी बराच विचार केला. टक्केवारी तो वाचणार नाही, ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ तो चुकीचे वाचेल. शेवटी जमलेले वाक्य असे: तुमचे वीस वर्षांचे कर्ज फिटेपर्यंत या घराच्या दाराशी एकदा तरी पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त आहे. गणित बरोबर आहे, आकडा छप्पनच्या आसपास येतो. शब्द साधे आहेत, कर्ज फेडणाऱ्या कोणालाही ते कळतील. खरेदीखताच्या पहिल्या पानावर ते छापायला काहीच अडचण नसावी, विकणाऱ्याची तयारी सोडून.